कोटीतला एक किरण

धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जन्मलं मुंबईत. १९४९ साली त्याची स्थापना झाली तेव्हा धारवाड मुंबई राज्यात होतं, सरकार मुंबईत बसत होतं, आणि विद्यापीठाचा संसारही आधी तिथंच मांडला गेला. मग तो धारवाडला हलला आणि कालांतरानं ‘छोटा महाबळेश्वर’ म्हणतात त्या टेकडीवर स्थिरावला. विद्यापीठाच्या स्थापनेच्या दोनच वर्षं आधी, १९४७ मध्ये, तिथून वीसेक किलोमीटरवर हुबळीत केएलई संस्थेनं बी. व्ही. भूमरड्डी यांच्या नावानं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं होतं. ते ज्या वस्तीत आहे ती विद्यानगर. १९५७ साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं भलंमोठं इस्पितळही याच विद्यानगरात. इथून जाणारा रस्ता म्हणजे जुना पुणे-बंगळूर रस्ता, हुबळीकरांचा पी. बी. रोड.

इथं जी गोष्ट सांगायची आहे तिच्यातली वर्णपट वाचण्याची विद्या मुंबईकडूनच धारवाडात आली. पदार्थावर प्रकाश टाकायचा, त्यातून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढायचा आणि त्यावरून पदार्थात कोणते रेणू आहेत ते ओळखायचं, ही रामन वर्णपटशास्त्राची रीत. तिचं मूळ कलकत्त्यातलं, १९२८ सालचं. ती कथा दर २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत सांगितली जाते. पण शोध लागणं वेगळं आणि त्याचं हत्यार होणं वेगळं. शोधाच्या अखेरच्या टप्प्याला काही आठवडे पुरले. हत्यार हाताशी यायला साठ वर्षं लागली. शाळेच्या भाषणात ही साठ वर्षं सहसा येत नाहीत, आणि खरी कसोटी त्यांतच होती.

बहूबाजारातली प्रयोगशाळा

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली सरकारच्या वित्त खात्यातले अधिकारी म्हणून कलकत्त्यात आले. कचेरी सांभाळून उरलेला वेळ ते बहूबाजार रस्त्यावरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत घालवत. १९१७ मध्ये त्यांनी मोठ्या पगाराची ती नोकरी सोडली आणि कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद घेतलं. १९२१ च्या विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं. रामन यांनी प्रतिबिंबाची चकाकी वगळून पाणी तपासलं, तरी निळाई उरलीच. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. परत आल्यावर त्यांनी साऱ्या प्रयोगशाळेला याच कामाला जुंपलं.

१९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक चमत्कारिक अंश दिसला. आत शिरलेल्या रंगात नसलेला रंग बाहेर येत होता. पाणी अशुद्ध असेल, त्यातल्या मळाची ही क्षीण प्रतिदीप्ती असेल, असं धरून त्यांनी ते पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. अंश जाईना. चार वर्षं ही ठुसठुस तशीच राहिली. १९२७ च्या अखेरीस एस. वेंकटेश्वरन यांनी शुद्ध ग्लिसरीनमधून सूर्यप्रकाश सोडला, तेव्हा विखुरलेला प्रकाश हिरवट दिसला आणि तो चांगलाच ध्रुवित होता. प्रतिदीप्ती अशी ध्रुवित नसते. म्हणजे मळाचा संशय फिटला, पण हे काय आहे ते कळेना. वेंकटेश्वरन दिवसा सरकारी नोकरी करत. त्यांना वेळ नव्हता. रामन यांनी मग के. एस. कृष्णन यांना सिद्धांताच्या वह्या बाजूला ठेवून प्रयोगाच्या टेबलाशी बसवलं.

१९२८ चा फेब्रुवारी महिना कृष्णन यांच्या रोजनिशीत नोंदलेला आहे. एकामागून एक द्रव, मग बाष्पं, सगळीकडे तोच अनोळखी अंश. २८ तारखेला विखुरलेला प्रकाश वर्णपटदर्शीतून पाहिला, तेव्हा मूळ रंग आणि नवा रंग यांच्यामध्ये काळोखाची पट्टी स्पष्ट दिसली. उपकरणं जुळवायला आशुतोष डे हे सहायक होते. पुढे सूर्याऐवजी पाऱ्याचा दिवा वापरला, तसा धूसर पट्टा जाऊन वेगळ्या, टोकदार रेषा उमटल्या. १६ मार्चला रामन यांनी बंगळूरला ‘अ न्यू रेडिएशन’ हे व्याख्यान दिलं आणि ते लगेच छापून जगभर धाडलं. मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही क्वार्ट्झच्या स्फटिकात त्याच सुमारास हेच दिसलं होतं. ऑस्ट्रियातल्या स्मेकल यांनी १९२३ मध्ये ते कागदावर वर्तवलंही होतं. छापून येण्यात कलकत्ता पुढे राहिलं, आणि १९३० चं नोबेल पारितोषिक रामन यांना मिळालं.

रसायनशास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं वाक्य त्यांच्या पहिल्याच टिपणात होतं: साठेक निरनिराळे द्रव तपासले, सगळ्यांत हा परिणाम दिसतो. पुढे कळलं की प्रत्येक द्रवाच्या रेषा त्याच्या स्वतःच्या असतात.

जकात

रेणूतले अणू एका जागी स्वस्थ नसतात. त्यांच्यातले बंध ताणले जातात, आखडतात, वाकतात, आणि प्रत्येक हालचालीची वारंवारता ठरलेली असते. प्रकाशकण रेणूवर आदळून परततो तेव्हा बहुतेक वेळा होता तेवढ्याच ऊर्जेनं परततो. क्वचित एखादा आपल्या ऊर्जेतला थोडा भाग रेणूला हलवायला देऊन येतो. ही जकातच म्हणायची. वसूल झालेल्या रकमेवरून नाका कोणता ते कळतं.

पाऱ्याच्या दिव्याची निळी रेषा ४३५.८ नॅनोमीटरची. ती बेंझीनवर टाकली की ४५५.५ नॅनोमीटरच्या जवळ एक नवी रेषा मिळते. वर्णपटाच्या हिशेबात हा फरक ९९२ प्रति सेंटिमीटर. बेंझीनचं षटकोनी कडं सगळं मिळून फुगतं आणि आकसतं, त्या हालचालीचा हा आकडा. दिवा बदला, लाल प्रकाश वापरा, नवी रेषा दुसरीकडे पडेल, पण मूळ रेषेपासूनचं अंतर ९९२ च राहील. हा आकडा दिव्याचा नव्हे, बेंझीनचा. टोल्युइनचा आकडा थोडा वेगळा, क्लोरोफॉर्मचे त्याहून वेगळे. आकड्यांची यादी जमवली की अनोळखी द्रव ओळखता येतो, आणि रेषा किती तेजस्वी आहे त्यावरून मिश्रणात कोणता घटक किती तेही काढता येतं.

झायलीनचं उदाहरण घ्या. रंगांसाठी आणि रसायनांसाठी लागणारा हा द्रव तीन रूपांत असतो: ऑर्थो, मेटा आणि पॅरा. तिन्हींत आठ कार्बन, दहा हायड्रोजन. वजन तेच, वास जवळपास तोच. मेटा आणि पॅरा यांच्या उकळण्याच्या तापमानात तर जेमतेम एका अंशाचा फरक, त्यामुळे उकळून वेगळं करायला गेलं तर दमछाक. रामन वर्णपटात मात्र पॅराची ठळक रेषा ८३० च्या आसपास, मेटाची ७२५ च्या आणि ऑर्थोची ७३५ च्या जवळ. बाटली न उघडता, एक थेंबही न जाळता निवाडा होतो.

साहजिकच रसायनशास्त्रज्ञ तुटून पडले. पहिल्या सात वर्षांत या परिणामावर सातशेहून अधिक शोधनिबंध निघाले. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये कोलराउश यांनी सेंद्रिय पदार्थांचे वर्णपट शेकड्यांनी जमवले. अमेरिकेत जेम्स हिबेन यांनी १९३९ साली या परिणामाच्या रासायनिक उपयोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. नमुना न बिघडवता रासायनिक तपासणी करण्याची मुख्य पद्धत म्हणून त्या दशकात रामन परिणामाचंच नाव घेतलं जाई.

मागे पडलेली विद्या

पण मूळची अडचण सुटलेली नव्हती. अशी जकात भरून येणारा प्रकाशकण साधारण कोटीत एखादा. पाऱ्याचा दिवा कितीही प्रखर केला तरी रेषा इतकी फिकी की फोटोच्या काचेवर उमटायला तासच्या तास लागत. बाष्प असेल तर दिवसच्या दिवस. तेवढा वेळ दिवा थरथरता कामा नये, खोलीचं तापमान हलता कामा नये. द्रवही वाटीभर लागे आणि तो धुळीच्या कणाशिवाय स्वच्छ हवा. नमुना रंगीत असला तर निळा प्रकाश तो पिऊन टाकी. त्यात जरासा मळ असला की निळ्या प्रकाशानं तो मळच चमकू लागे आणि त्या उजेडात रामन रेषा बुडून जात. म्हणजे ज्या रसायनांची तपासणी कारखान्याला हवी होती, ती तेलकट, पिवळी, अर्धवट शुद्ध रसायनं या पद्धतीच्या आवाक्याबाहेरच राहिली.

याच वेळी अवरक्त वर्णपटमापन या प्रतिस्पर्धी पद्धतीची चाकं वेगानं फिरू लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला कृत्रिम रबर आणि विमानाचं पेट्रोल यांच्या तपासणीसाठी झटपट चालणारी यंत्रं हवी होती. बेकमन आणि पर्किन-एल्मर यांनी अवरक्त यंत्रं बाजारात आणली. नमुना ठेवला की काही मिनिटांत आलेख कागदावर. युद्ध संपलं तेव्हा प्रयोगशाळांनी आपली पसंती ठरवून टाकली होती. १९५० च्या दशकात रामन वर्णपट हे भौतिकशास्त्राच्या काही चिवट माणसांचं काम उरलं. ज्या देशात शोध लागला तिथंही निराळं काही घडलं नाही.

मुंबईहून टेकडीवर

या मागे पडलेल्या काळातच आपल्या गोष्टीत धारवाड येतं.

मुंबईत १९२० साली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाली होती. तिथं भौतिकशास्त्र शिकवणारे गोपाळ रामचंद्र परांजपे मराठी वाचकांना ठाऊक आहेत ते ‘सृष्टिज्ञान’ मासिकामुळे. हे मासिक १९२८ चं, म्हणजे रामन परिणामाच्याच वयाचं. याच संस्थेत एन. आर. तावडे यांनी वर्णपटशास्त्राची शाळा उभी केली. त्यांचा विषय रामन परिणाम नव्हता. विजेच्या विसर्गात किंवा ज्योतीत नायट्रोजन, कार्बन यांचे रेणू स्वतः उजळतात तेव्हा त्यांच्या वर्णपटात पट्टे दिसतात. कोणता पट्टा किती तेजस्वी हे मोजून रेणूंची आतली अवस्था आणि ज्योतीचं तापमान काढायचं, हे तावडे यांचं काम. नायट्रोजनच्या पट्ट्यांच्या तेजस्वितेवरचा त्यांचा निबंध १९३४ साली लंडनच्या फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला होता.

कर्नाटक विद्यापीठ धारवाडात रुजत असताना कुलगुरू होते डी. सी. पावटे. केंब्रिजचे रँग्लर, मुंबई राज्याच्या शिक्षण खात्यात मुरलेले प्रशासक. १९५४ ते १९६७ अशी तेरा वर्षं त्यांनी विद्यापीठ हाकलं. याच काळात तावडे धारवाडला आले आणि त्यांनी भौतिकशास्त्र विभागाची धुरा घेतली. १९६० च्या आगेमागे परदेशी नियतकालिकांत त्यांच्या नावापुढे मुंबईऐवजी धारवाडचा पत्ता छापून येऊ लागला. सोबत श्रीधरमूर्ती, तुळसीगेरी अशी इथल्या मातीतली नावं होती. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सीमेची रेघ सरकली, पण टेबलावरचं काम तसंच चालू राहिलं.

हे काम म्हणजे काय, ते आज संगणकासमोर बसणाऱ्याला उमगणं कठीण. अंधाऱ्या खोलीत वर्णपटलेखक मांडायचा. फट केसाइतकी अरुंद ठेवायची. फोटोच्या काचेवर आधी हव्या त्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा, मग तिच्याच कडेला लोखंडाच्या विद्युतज्योतीचा, कारण लोखंडाच्या रेषांच्या जागा पक्क्या माहीत असतात. काच धुवायची, सुकवायची, मोजणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रेषेरेषेचं अंतर वहीत उतरवायचं. मग हातानं हिशेब. प्रकाश ज्योतीतून येवो की विखुरून, पुढची सगळी कवायत तीच. वर्णपट वाचायला शिकलेली माणसं तावडे यांनी या गावात तयार केली. रामन वर्णपटाचं पुढचं काम इथं ज्या जमिनीवर झालं ती ही.

या पिढीतलं आणखी एक नाव रंगो कृष्ण आसुंडी यांचं. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातली पट्ट्यांची एक मालिका जगभर आसुंडी यांच्या नावानं ओळखली जाते. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी वर्णपटशास्त्राचं मोठं केंद्र उभं केलं आणि नंतर ते ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात आले. तिथली गरज रोखठोक होती. अणुभट्टीसाठीच्या युरेनियममध्ये बोरॉन किंवा कॅडमियम दहा लाखांत एखादा भाग असलं तरी ते न्यूट्रॉन गिळतं. इतका बारीक मळ शोधायचा तर वर्णपटाला पर्याय नव्हता. आपल्याकडे वर्णपटशास्त्र महाविद्यालयाच्या फळ्यावरून उतरून रासायनिक तपासणीचं रोजचं साधन झालं, त्यात ट्रॉम्बेचा वाटा मोठा. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या विभागातले व्ही. बी. कार्था निवृत्तीनंतर मणिपालला गेले आणि तिथं त्यांनी लेझर वर्णपटाचा रोख माणसाच्या पेशींकडे वळवला. त्याचं फळ पुढे नवी मुंबईत दिसणार होतं.

लेझर आला

१९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. दोनच वर्षांत पोर्टो आणि वुड यांनी त्याच्या झोतात रामन वर्णपट घेतला. एकच शुद्ध रंग, सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करता येणारी प्रखरता: कोटीतल्या त्या एका कणासाठी यापेक्षा चांगला दिवा मिळण्यासारखा नव्हता. हेलियम-निऑन, मग आर्गॉन लेझर आले. फोटोच्या काचेच्या जागी एकेक प्रकाशकण मोजणाऱ्या नळ्या आल्या. वाटीभर द्रवाऐवजी थेंब पुरू लागला. १९७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये रामन यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडला गेला आणि खनिजातला एकेक कण, रंगाच्या थरातला एकेक खडा वेगवेगळा तपासता येऊ लागला.

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनमध्ये फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्क्विलन यांनी खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडिनचा वर्णपट घेतला. तो अनपेक्षितपणे ठळक आला. पृष्ठभाग खरबरीत, म्हणून जास्त रेणू चिकटले असतील, असा त्यांचा अंदाज होता. तीन वर्षांनी जीनमेअर आणि व्हॅन डाइन, तसेच ऑलब्रेक्ट आणि क्राइटन यांनी दाखवलं की रेणूंची संख्या वाढून एवढं होणं शक्यच नाही. चांदीचे खडबडीत कण स्वतःच प्रकाश कित्येक लाख पटींनी बळावतात. १९९७ मध्ये याच वाटेनं एकट्या रेणूचा वर्णपट घेतल्याचे दावे छापून आले.

पण चकाकणाऱ्या मळाचं जुनं दुखणं उरलं होतं. उपाय होता तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश वापरण्याचा, कारण त्याची ऊर्जा कमी, आणि मळ चमकायला ती पुरत नाही. त्याची किंमत मोजावी लागे. विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घातानं घटतो, ४३५.८ नॅनोमीटरवरून ७८५ वर गेलं की रामन रेषा सुमारे दहा पटींनी फिकी. १९८६ मध्ये हर्शफेल्ड आणि चेस यांनी १०६४ नॅनोमीटरच्या लेझरला फूरिए पद्धतीची जोड देऊन वाट काढली. पाठोपाठ सीसीडी हे अतिसंवेदनशील चकतीसारखं साधन आलं, जे सगळा वर्णपट एका दमात टिपतं. मूळ लेझरचा प्रकाश तेवढा नेमका अडवणारे होलोग्राफिक फिल्टर आले. काचेच्या तंतूंतून प्रकाश नेता-आणता येऊ लागला. १९९० च्या दशकात हे सगळे धागे एकत्र आले आणि १९२८ चा शोध खऱ्या अर्थानं हत्यार झाला. नंतर ते हातात मावेल एवढंही झालं. आज औषध कारखान्याच्या गोदामात आलेल्या पिंपातला माल नक्की तोच आहे का, हे पारदर्शक पिशवी न फोडता काही सेकंदांत बघता येतं. पाण्यातला नमुनाही चालतो, कारण पाण्याचा स्वतःचा रामन वर्णपट फिका असतो. अवरक्त प्रकाश मात्र पाणी गिळून टाकतं. एकेकाळी मागे पडलेल्या विद्येनं इथं बाजी मारली.

कड्यावर बसलेले गट

धारवाडच्या टेकडीवर १९७० च्या सुमारास एम. ए. शशिधर, के. सूर्यनारायण राव आणि ई. एस. जयदेवप्पा यांनी बेंझीनच्या कुटुंबाचा नेटानं अभ्यास सुरू केला होता. बेंझीनच्या कड्यावर एक, दोन, तीन निरनिराळे गट बसवले, त्यांच्या जागा बदलल्या, की कंपनांचे आकडे कसे सरकतात? कोणता आकडा कड्याचा आणि कोणता गटाचा? हे काम बाहेरून रटाळ दिसतं. पण अनोळखी पदार्थाचा वर्णपट हाती आला की त्यातली प्रत्येक रेषा कुणाची, हे सांगणारा कोश अशाच कामातून तयार होतो. कोशाशिवाय यंत्र मुकं. त्या काळात लेझर रामन यंत्रं देशात मोजक्याच ठिकाणी होती. १९७० च्या दशकात केंद्र सरकारनं मद्रास आणि मुंबईच्या आयआयटीत महागड्या उपकरणांची प्रादेशिक केंद्रं काढली, तेव्हा कुठे लहान विद्यापीठांना दार किलकिलं झालं.

शशिधर यांच्याबरोबर कंपनांच्या वर्णपटावर काम करणारे एन. एच. अयाचित पुढे विद्यानगरच्या भूमरड्डी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. २०१५ मध्ये त्या महाविद्यालयाचं केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं, आणि अयाचितांनी त्याच्या कुलसचिवपदाचीही जबाबदारी सांभाळली. टेकडीवरची विद्या अशी पी. बी. रोडनं खाली विद्यानगरात उतरली. विद्यापीठातही धागा तुटला नाही. जे. टोण्णण्णवर आणि जयश्री येणगी यांच्या गटानं रामन आणि अवरक्त वर्णपटांची सांगड संगणकावरच्या पुंज-हिशेबांशी घातली. तावडे यांच्या काळात वहीत उतरवलेले आकडे कागदावरच्या समीकरणांशी ताडून पाहायचे. आता रेणूची रचना संगणकाला सांगितली की त्याचा वर्णपट कसा असावा ते तो सांगतो, आणि प्रयोग त्याची झडती घेतो.

खारघर ते चिक्कमल्लिगवाड

तपासणीचा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड नमुना म्हणजे जिवंत माणूस. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. कार्था यांनी मणिपालला धरलेली वाट पुढे नेत तिथं सी. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेनं तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपट लावून पाहिला. गुटखा, तंबाखू, मिश्री यांच्या देशात हा आजार किती बोकाळला आहे ते सांगायला नको. गालाच्या आतल्या बाजूला तंतूंचा प्रोब टेकवायचा, ७८५ नॅनोमीटरचा लेझर सोडायचा, काही सेकंदांत वर्णपट घ्यायचा. सुई नाही, काप नाही. निरोगी गालाच्या वर्णपटात चरबीच्या रेणूंची छाप ठळक दिसली; गाठीच्या जागी प्रथिनांची छाप वाढली. टाटा रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांबरोबर केलेल्या या अभ्यासांतला २०१२ चा निबंध आणखी पुढचं सांगतो: गाठ होण्याआधीचे पांढरे-तांबडे डागही वेगळे ओळखू येतात. तंबाखू खाणाऱ्याचा वरकरणी चांगला दिसणारा गालसुद्धा न खाणाऱ्याच्या गालासारखा नसतो.

यात झायलीनसारखा सरळ निवाडा मात्र नाही. झायलीनची एक रेषा पाहिली की झालं. माणसाच्या पेशीत हजारो प्रकारचे रेणू एकमेकांच्या रेषांवर स्वार झालेले असतात, आणि वयानंही वर्णपट बदलतो. कुठल्याही एका रेषेवरून निदान होत नाही. शेकडो वर्णपट जमवून, संख्याशास्त्रानं त्यांची गटवारी करून मगच सांगता येतं की हा नमुना कुठल्या बाजूला झुकतो. म्हणून आजही अखेरचा शब्द बायोप्सीचा. रामन वर्णपटाचं काम आहे संशय कुठे घ्यायचा ते दाखवणं, म्हणजे काप योग्य जागी जाईल आणि नको तिथं जाणार नाही.

२०१२ च्या त्या निबंधावर नाव असलेले सूर्यप्रताप सिंह पुढे आयआयटी धारवाडच्या जैवविज्ञान विभागात आले आणि रामन वर्णपटावरच काम करू लागले. ही आयआयटी २०१६ साली धारवाडच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात सुरू झाली. तिचं पालकत्व होतं आयआयटी मुंबईकडे. १२ मार्च २०२३ ला चिक्कमल्लिगवाड इथल्या तिच्या कायमच्या आवाराचं उद्घाटन झालं. तावडे आणि सिंह यांच्यात गुरु-शिष्याचं नातं नाही. दोघांचे विषयही निराळे. पण विद्यापीठ मुंबईत जन्मून धारवाडला यावं, आणि साठ-सत्तर वर्षांनी आयआयटीही मुंबईच्या बोटाला धरून तिथंच यावी, यामागे एक कारण आहे. हुबळी-धारवाडनं विद्येला जागा दिली, आणि आलेल्या माणसाला टिकवून धरलं.

शंभरीच्या उंबरठ्यावर

२०२८ मध्ये रामन परिणामाला शंभर वर्षं पुरी होतील. समारंभ होतील, भाषणं होतील, तिकीटही कदाचित निघेल. त्या वेळी साठ वर्षांच्या त्या मधल्या काळाचा धडाही कुणी वाचून दाखवायला हवा. रामन परिणाम मागे पडला तो कल्पना चुकली म्हणून नाही. दिवा, फिल्टर आणि टिपणारा डोळा ही तीन साधनं तयार नव्हती, आणि ती घडवली दुसऱ्यांनी: लेझर अमेरिकेत, सूक्ष्मदर्शकाची जोड फ्रान्समध्ये, चांदीचा गुण इंग्लंडमध्ये. आपल्या प्रयोगशाळांतली बहुतेक रामन यंत्रं आजही परदेशी कंपन्यांची आहेत. बंद पडली की सुटा भाग यायला महिने जातात. तालुक्याच्या इस्पितळाला ती परवडत नाहीत, आणि तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण तर आधी तालुक्याच्याच इस्पितळात जातो.

विद्यानगरात अभियांत्रिकी विद्यापीठ आणि मोठं सरकारी इस्पितळ एकाच वस्तीत आहेत. टेकडीवर वर्णपट वाचणारी माणसं आहेत. चिक्कमल्लिगवाडला पेशींवर लेझर टाकणारी. देशात फार थोड्या ठिकाणी हे चारही घटक एका बसच्या तिकिटात भेटतात. लेझर डायोड आणि सीसीडी आता बाजारात मिळतात, हिशेब करायला साधा संगणक पुरतो. उरतं ते जुळवण्याचं, तपासण्याचं, रुग्णाच्या गालावर टेकवता येईल असं स्वस्त आणि दणकट यंत्र घडवण्याचं काम. आपल्या हातून एकदा निसटलेलं काम नेमकं हेच होतं.